रुमालाखालचा हात

वैद्यबुवा,

तुमच्या तेराव्याचं जेवण झालं आणि संध्याकाळी सगळे देवळाच्या सभामंडपात जमले. एकेकानं उठून तुमच्याबद्दल बोलायचं ठरलं होतं. कुणी म्हणालं देवमाणूस गेला, कुणी म्हणालं तुमच्या हाताला गुण होता. मग माना माझ्याकडे वळल्या, कारण रोज दुपारी तुम्ही माझ्या ओट्यावर बसायचात हे अख्ख्या जुन्या जालन्याला ठाऊक आहे. "कुंडलिकराव, तुम्ही दोन शब्द बोला." मी बसल्या जागेवरून सांगितलं, "माझे दोन शब्द न्हाईत, जास्त आहेत. आणि ते वैद्यबुवांशीच बोलायचे आहेत." लोकांना वाटलं मी दुःखात आहे. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

म्हणून लिहायला बसलो आहे. ज्या अक्षरांनी तुमच्याशी भांडतो आहे ती अक्षरंही तुमचीच. मी भोकरदनच्या बाजारातून दुसऱ्यांची जनावरं हाकून आणणारा गडी. वाटेत तापानं पडलो तर मालकानं मला याच देवळाच्या पायरीशी टाकलं आणि बैल घेऊन पुढं गेला. तुम्ही मला उचलून तुमच्या ओसरीत नेलं. अंगातला ताप गेला, पण चालायची ताकद येईपर्यंत पडून राहावं लागलं. तुम्ही म्हणालात, "नुसता पडलाहेस, मेंदू तरी चालव." सरकारी शाळेत उर्दू चालायची, आणि तिथंही माझ्यासारख्याला कोण घेणार? तुम्ही औषधाच्या पुड्यांच्या पाठीवर मला बाराखडी काढायला लावली. 'ग' काढायला मला फार त्रास झाला. तुम्ही म्हणालात, "गाढवाचा ग आहे, घरचाच समज."

हे उपकार मी नाकारत नाही. पण उपकार एका बाजूला आणि हिशेब दुसऱ्या बाजूला. ही दोन्ही एकमेकांत मिसळायची नसतात हे मला बाजारानं शिकवलं.

बाजारानं अजून एक शिकवलं. पुढं मी बैलांचा दलाल झालो, त्या आमच्या धंद्यात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून भाव ठरतो; पटला की टाळी देऊन सौदा पक्का. भोवती कितीही माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोन हातांनाच कळतं. तुम्ही एकदा गाय घ्यायला आलात आणि हा प्रकार पाहून नाक मुरडलंत. "जे उजेडात करता येत नाही ते खरं नव्हे," म्हणालात. मी तुम्हाला ओट्यावर बसवून गंमत म्हणून बोटांची भाषा शिकवली. कुठलं बोट दाबलं म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. शेवटी मी हात नुसता उघडा ठेवला.

"ह्याचा अर्थ?" तुम्ही विचारलंत.

"तू म्हणशील तो भाव. असा हात कुणी देत न्हाई, वैद्यबुवा. भाऊ भावाला देत न्हाई."

"मग माझ्याकडून तर अपेक्षाच करू नकोस," असं म्हणून तुम्ही हसला होतात.

कौतिका तुमच्यामुळं माझ्या घरात आली, हेही लिहायला पाहिजे. वाटूरची ती. घर शेतकऱ्याचं, पण चांगलं नावाजलेलं, पाटीलकीच्या तोऱ्यातलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मी त्यांच्याकडे बैल बघायला गेल्तो. गोठ्यात ती उभी होती. मी एका बैलाचे दात बघून म्हणालो, "जवान आहे." ती म्हणाली, "खुराकडंपण बघा, जवानीवर जाऊ नका." बैल खरंच मागच्या पायानं अधू होता. भाऊ तिच्यावर डोळे वटारत होते आणि मी तिच्याकडे बघत होतो. परत येताना रस्ताभर मला दुसरं काही सुचलं नाही.

आमच्यातल्या साध्या घरांत विधवेचा म्होतूर लावून तिला दुसरं घर करून देतात, पण तिच्या भावांना ते कमीपणाचं वाटत होतं. त्यातून मी आईबाप नसलेला, जमीन नसलेला दलाल. त्यांनी मला अंगणातून हाकललं. मी तुमच्याकडे आलो आणि तुम्ही बैलगाडी जुंपायला सांगितलीत. ओसरीवर बसून भावांना जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "निसर्गानं तिच्या देहाला एक काम दिलंय. ते अजून व्हायचंय. तुम्ही तिला कोंडून ठेवलंत तर ते पाप तिच्या नवऱ्याच्या मरणाइतकंच मोठं, फरक इतकाच की ते दैवानं केलं, हे तुम्ही करताहात." थोरला भाऊ म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमच्यात विधवेचे केस उतरवतात, आणि आम्हाला शिकवून राह्यले?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमच्यात चुकतं. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

म्होतूर अंधारात, कुणाच्या दृष्टीस न पडता लावायची रीत. तुम्ही हट्ट धरलात की सूर्य डोक्यावर असताना लागेल. "यात लपवण्यासारखं काय आहे? सृष्टीचा नियम पाळायचा तर सूर्याला साक्षी ठेवा." कौतिकानं भर दुपारी, सगळ्यांच्या देखत माझ्या घराचा उंबरा ओलांडला. आजूबाजूच्या बाया दारं लोटून घेत होत्या आणि तुम्ही रस्त्याच्या मध्ये उभं राहून मोठ्यानं मंगल मंत्र म्हणत होतात. त्या दिवशी कुणी तुमच्या अंगावर दगड फेकला असता तर मी त्याचा हात तोडला असता.

तर तो तुमचा नियम आम्हाला एकत्र आणणारा. पुढं त्याच नियमानं काय केलं ते आता ऐका. तुम्हाला ठाऊक आहे, पण ऐका. जिवंतपणी तुम्ही मला कधी पुरतं बोलू दिलं नाही.

वर्षं गेली, मूल झालं नाही. लोक या गावाला सोन्याचा पाळणा म्हणतात. त्या गावात आमच्या घरच्या आढ्याची पाळण्याची कडी रिकामी राहिली. तुम्ही काढे दिलेत. कसले कसले पाले, मुळ्या, राखा. कौतिका नाक दाबून पीत होती आणि पिऊन झाल्यावर म्हणायची, "वैद्यबुवांनी हे आधी स्वतः चाखलं असतं तर जरा गोड केलं असतं." तुम्ही मलाही काढे दिलेत. मी तेही प्यालो. आम्ही दोघांनी तुमचं सगळं ऐकलं, पथ्य पाळलं, दिवस पाळले. शेवटी एकदा तुम्ही माझ्या ओट्यावर बसून कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "आता माझ्याजवळ औषध नाही." मी म्हणालो, "असू द्या. आम्ही दोघं आहोत ना." तेव्हा तुमच्या मनात काय शिजत होतं ते मला चातुर्मासात कळलं.

प्रवचनाला देऊळ भरलेलं होतं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. कौतिका खांबाजवळच्या तिच्या नेहमीच्या जागेवर, पुढ्यात आरतीचं ताट. तुम्ही विषय घेतलात कामाचा, म्हणजे देहाच्या वासनेचा. डोळा पाहण्यासाठी, कान ऐकण्यासाठी, भूक देह राखण्यासाठी आणि काम वंश राखण्यासाठी. चांगलं चाललं होतं. मग तुम्ही म्हणालात, "ज्या शेतात पीक येणार नाही हे ठाऊक आहे, तिथं रोज नांगर घेऊन जाणारा शेतकरी नव्हे. तो चटावलेला. फळ नाही तिथं स्त्रीपुरुषांनी बहीणभावासारखं राहावं. न राहतील तर जनावरं त्यांच्याहून बरी."

आधी एक बाई वळली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्या बायांच्या माना खांबाकडे वळल्या. कौतिकानं ताट उचललं, पदर सारखा केला आणि उठून गेली. ती घाईनं गेली नाही. घाईनं गेली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी उभा राहून ओरडलो, "वैद्यबुवा, शेताचं नावपण घ्या की."

तुम्ही पोथीवरून नजर न काढता म्हणालात, "मी नियम सांगतो, कुंडलिका. माणूस नाही सांगत."

हेच ते. हेच मला आजपर्यंत गिळता आलं नाही. नियम हवेत थोडाच पडतो, वैद्यबुवा? तो कुणाच्या तरी डोक्यावरच पडतो. आणि तुम्हाला तर आतलं सगळं ठाऊक होतं. आम्ही फळ नाकारलं नव्हतं. फळानं आम्हाला नाकारलं होतं, तेही तुमचे काढे पिऊन. तुम्ही वैद्य म्हणून हरलात आणि शास्त्री म्हणून आम्हाला शिक्षा दिलीत. बाजारात कुणी असं केलं असतं, स्वतःच्या औषधानं बरा न झालेला बैल दुसऱ्याच्या माथी मारला असता, तर मी त्याला पुन्हा बाजारात उभं राहू दिलं नसतं.

त्यानंतर बायांनी तिला ओटीला बोलावणं सोडलं. हळदीकुंकवाला बोलावायच्या, पण तिच्या हाताला हात लागू नये असं बोट लांब करून कुंकू लावायच्या. म्होतुराची बाई म्हणून जे त्यांना उघड बोलता येत नव्हतं, ते तुमच्या प्रवचनानं त्यांच्या तोंडात दिलं. कौतिकानं त्या देवळात पाय ठेवणं बंद केलं. घरात देव्हारा होता, म्हणाली, "हा काय भाड्यानं आणलाय का? ह्यालाच करते पूजा."

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा. मग एका दुपारी तुम्ही आलात आणि काहीच झालं नसल्यासारखं ओट्यावर टेकलात. "ताक आहे का रे?"

"न्हाई," मी म्हणालो.

आतून पेला आला. कौतिकानं दाराआडून हात पुढं करून ठेवला. तुम्ही प्यालात आणि गेलात. मी आत जाऊन तिच्यावर भडकलो. "त्यानं तुझी भर देवळात अब्रू घेतली आणि तू त्याला ताक पाजून राह्यली?"

"तहानलेल्या माणसाशी मी भांडत न्हाई. त्याचं पोट भरू द्या, मंग तुम्ही भांडा."

आणि मग आपण भांडलो. रोज दुपारी, वर्षानुवर्षं. गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं, ऐकत बसायचं आणि बैल विसरून जायचं. लोकांनी आपल्या भांडणाच्या गोष्टी केल्या. त्यातलं एक भांडण मला इथं पुन्हा मांडायचंच आहे, कारण त्यात मी हरलो असं तुम्ही गावभर सांगत होतात आणि ते खोटं आहे.

तुम्ही म्हणालात, "सुख म्हणजे काय रे? ती दलाली आहे. निसर्गाला वंश पाहिजे. माणूस आळशी, म्हणून निसर्ग मध्ये थोडं सुख ठेवतो, की सौदा व्हावा. आता सौदाच होणार नाही हे ठाऊक असताना जो नुसती दलाली खातो त्याला काय म्हणशील? तू स्वतः दलाल आहेस, सांग."

तुम्ही माझ्या धंद्यावर आलात, म्हणून मी तुमच्या धंद्यावर आलो. "वैद्यबुवा, जीभ कशाला दिली?"

"अन्न पारखायला. कडू, आंबट, विषारी कळावं म्हणून."

"मंग तिनं बोलायचं कुणी सांगितलं? तिनं देवाचं नाव घ्यायचं कुणी सांगितलं? अन्न पारखायच्या जिभेनं तुम्ही तासतास प्रवचन करता, ते चालतं. एका जिभेला दोन कामं चालतात आणि बाकीच्या देहाला एकच?"

तुम्ही हसलात. "वकील व्हायला पाहिजे होतास. पण ऐक. दोन कामं चालतात. पहिलं सोडून नुसतं दुसरं चालत नाही. जेवणं सोडून नुसतं बोलत राहिलास तर मरशील."

"ज्याचे दात पडले त्यानं बोलणंपण बंद करायचं का?"

तेव्हा तुम्ही उत्तराऐवजी पेला तोंडाला लावलात. आठवतं का? तुम्ही लोकांना सांगितलेल्या गोष्टीत हे वाक्य नसायचं.

पण खरं सांगायचं तर पुढच्या वाक्यात मी हरलो, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मी जोशात येऊन म्हणालो, "बैलांचं बघा. खच्ची केलेले दोन बैल. तुमच्या नियमात त्यांचं काहीच काम उरलं न्हाई. तरी एका जुवाखाली राहिले की एकमेकांची मान चाटतात. एक गेला तर दुसरा चारा सोडतो. हे कशासाठी?"

तुम्ही पेला खाली ठेवलात आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "कौतिकाबाई, ऐकलंत का? तुमचा नवरा तुम्हाला बैल म्हणतोय. आणि स्वतःला तर त्याहून वाईट काहीतरी."

ओट्यावरचे सगळे हसले. पण त्या संध्याकाळी माझ्यापुढं भाकरीऐवजी कडब्याची पेंढी ठेवलेली होती.

अशी भांडणं झाली, आणि तरीही तो शब्द तुम्ही परत घेतला नाहीत. मी वाट बघत राहिलो. मला वाटायचं, एखाद्या दुपारी तुम्ही उठताना सहज म्हणाल, "कुंडलिका, त्या दिवशी जास्त बोललो." एवढंच. मी लगेच टाळी दिली असती. तुमच्यासारखा माणूस एवढं का बोलू शकत नाही, याचा मला रोज संताप यायचा.

मग तुमच्या घरच्या यमुनाकाकू गेल्या. तुमच्या त्या नियमाप्रमाणं तुम्ही दोघं धाकटा मुलगा झाल्यापासून वेगळे झोपत होतात हे गावाला माहीत होतं. तुम्ही माडीवर औषधांच्या बरण्यांत, त्या खाली. लोक यासाठी तुमच्या पाया पडायचे. मी पडलो नाही. काकूंच्या दिवसांनंतर तुम्ही पहिल्यांदा ओट्यावर आलात तेव्हा तुमचं उपरणं उलटं होतं. टेकलात. मग विचारलंत, "कुंडलिका, तुम्ही दोघं संध्याकाळी काय बोलता?"

मला राग यायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "तुमच्या पोथीत न्हाई ते."

तुम्ही उलट बोलला नाहीत. म्हणालात, "नाही. खरंच विचारतोय. मुलं झाली, वाढली, आणि आमचं बोलायचं काही उरलंच नाही. मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. परवा तिची पेटी उघडली. तिला काय आवडायचं हे मला सांगता येईना. सुनेनं सांगितलं."

तेव्हा दाराआडून कौतिका बोलली. देवळातून उठून गेल्यापासून ती तुमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताक देत होती, बोलत नव्हती. म्हणाली, "काही न्हाई बोलत, वैद्यबुवा. मी भाकरी करते. हे बाजारातलं सांगतात. मी म्हणते, खोटं बोलून राह्यले. हे म्हणतात, खरंच. मंग मी हसते. एवढंच."

"रोज?"

"हां. रोज."

तुम्ही ताक संपवलंत आणि पेला नेहमीसारखा ओट्यावर न ठेवता उंबऱ्याशी नेऊन ठेवलात. त्यानंतरच्या चातुर्मासात तुम्ही तो शेताचा आणि नांगराचा दृष्टान्त काढला नाहीत. पुढंही कधी काढला नाहीत. बाकीच्यांच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. पण शब्द न उच्चारणं वेगळं आणि शब्द परत घेणं वेगळं. बाजारात खोटी चीज कापडाखाली झाकली म्हणून ती खरी होत नाही.

ह्या उन्हाळ्यात लुटालुटीच्या भीतीनं गावं ओस पडली. बाजार बंद, रस्त्यांचा भरवसा नाही, ज्यांना जमलं ते संस्थानाच्या हद्दीपलीकडं निघून गेले. तुमचा मुलगा तुम्हाला न्यायला आल्ता. तुम्ही त्याला परत पाठवलंत, "रोगी इथं आहेत, मी तिथं काय करू?" मीही गेलो नाही. जनावरं कुणाच्या भरवशावर सोडणार? रिकाम्या गावात आपली दोघांची भांडणं फार मोठ्यानं ऐकू यायची. मग तुम्ही आजारी पडलात आणि माझ्याकडे निरोप आला. मला एकट्याला.

तुम्ही खाटेवर होतात. हात लाकडासारखे झाले होते. शेजारपाजारचे तिघंचौघं बसलेले. तुम्ही म्हणालात, "रुमाल आणलास?"

"खांद्यावरच असतो."

"टाक."

मला आधी कळलं नाही. मग मी तुमच्या आणि माझ्या हातावर रुमाल टाकला. खाली तुमचा हात चाचपडत आला आणि माझ्या हातात पडून राहिला. एकही बोट मिटलेलं नव्हतं. पुरता उघडा. बसलेल्या लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झालाय. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुम्हाला बिलकुल भ्रम झालेला नव्हता.

"बोल," तुम्ही म्हणालात.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या तळहातावर होतं. आणि मी काय केलं ते मी इथं लिहितो आहे, कारण त्यावरून लोक माझ्या पाठीमागं बोलतात. मी म्हणालो, "हा सौदा माझा न्हाई, वैद्यबुवा. माल ज्याचा, त्याला विचारल्याबिगर दलाल टाळी देत न्हाई. शब्द तिला लागला. देवळात लागला. तिथंच परत घ्या, तोंडानं. रुमालाखाली न्हाई."

"उठवत नाही रे."

"मी उचलून नेतो."

"आणि काय म्हणू? नियम खोटा?"

"तुमचं तुम्ही ठरवा."

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "नियम खोटा नाही, कुंडलिका. मला तो अर्धाच वाचता आला. फळ एवढंच वाचलं. सोबत वाचायची राहिली."

"हेच म्हणा. देवळात हेच म्हणा."

"बरं वाटलं की जाऊ," म्हणालात. हात अजून उघडाच होता. मी माझा हात काढून घेतला आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

तुम्हाला बरं वाटलं नाही. लोक म्हणतात, मरणाऱ्याचा हात सोडला, एवढा कसला अहंकार. म्हणू द्यात. मी हात धरला असता तर तुमची सुटका झाली असती, माझीही झाली असती, आणि कौतिका तशीच राहिली असती, खांबाजवळून उठून चाललेली, मागं बायांच्या वळलेल्या माना. तिच्या अब्रूचा सौदा तिच्यामागं, तिच्या नावावर मी करणार नाही. तुमच्याशीही नाही. तुमच्या मरणाशीही नाही. आजही तसाच प्रसंग आला तर मी हात काढून घेईन.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "हात उघडा होता? पुरता?"

"पुरता."

"मंग झाला की सौदा."

"असा कसा झाला? देवळात बोललेलं देवळात..."

"शब्द कुणाला लागला? मला. मंग उतरला का न्हाई ते मीच सांगणार. तुम्ही दलाल, दलालानं दलालासारखं राहावं." मग सूप उचलत म्हणाली, "तुम्हाला त्यांना हरवायचं होतं. मला एवढंच बघायचं होतं, त्यांना कळतं का. कळलं. आता मला त्यांच्याकडून काही नको."

मी रात्रभर... नाही, ते राहू द्या. मी तिच्याशी भांडलो एवढंच लिहितो. ती भांडली नाही, तूर निवडत राहिली.

आता तेराव्याच्या संध्याकाळचं सांगतो. तुम्ही नव्हतात, म्हणून सांगतो. कौतिका माझ्यासोबत निघाली. एवढ्या वर्षांनी तिनं देवळाची पायरी चढली आणि सरळ त्या खांबाजवळच्या जागेवर जाऊन बसली. बाया सरकल्या. गावात उरलेल्यांपैकी एकेक जण तुमच्याबद्दल बोलत होता. मला बोलायला सांगितलं आणि मी नाही म्हणालो. तेव्हा ती उठली. मला वाटलं, पुन्हा निघाली. पण ती सभामंडप ओलांडून पुरुषांच्या सतरंजीवर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "सरका जरा."

सगळं देऊळ बघत होतं. मी सरकलो. ती माझ्या शेजारी बसली, मांडी घालून, पदर नीट करून, जशी घरी चुलीपाशी बसते. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता आणि तिनं तो मागं घेतला नाही. कुणीतरी खाकरलं. तुम्ही असतात तर तुम्हीच बोलला असतात, आणि मग मी उत्तर दिलं असतं, आणि मग काय मजा आली असती, वैद्यबुवा.

तिचा सौदा झाला. माझा झालेला नाही. मला तो शब्द देवळात, उजेडात पाहिजे होता, जसा तुम्ही आमचा म्होतूर उजेडात लावलात. तुम्हीच शिकवलंत की जे खरं आहे ते सूर्यासमोर करावं. आणि स्वतःचं खरं तेवढं रुमालाखाली देऊन गेलात. हे मला मान्य नाही. वर कुठं असाल तिथं उत्तर तयार ठेवा.

आज दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. कौतिकानं सवयीनं ताकाचे दोन पेले बाहेर ठेवले. एक मी प्यालो. दुसरा तसाच ठेवला आहे. ती आतून म्हणाली, "प्या की, आंबेल ते." मी म्हणालो, आंबू दे. भांडण संपलेलं नाही, आणि समोरच्याच्या वाट्याचं ताक आपण पिणं आमच्या धंद्यात बसत नाही.